सुकलालभाऊंचा ‘धसका’

सुकलालभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असे: “बाई, जराखं भ्या बरं. आवाज नको. निस्तं तोंड.”

मी शहाद्याला नुकतीच आले होते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली होती, भाड्याची खोली मिळाली होती, आणि त्या खोलीचं कुलूप उघडत असताना समोरच्या पत्र्याच्या शेडमधून एक उंच, वाळका, कानाच्या पाळीपर्यंत निळा रंग लागलेला माणूस हातात पाटी-पेन्सिल घेऊन बाहेर आला आणि त्याने मला भ्यायला सांगितलं. एकटी राहणारी बाई म्हणून घरून निघताना आईने मला पुष्कळ सूचना दिल्या होत्या. परका माणूस बोलायला आला तर काय करायचं तेही त्यात होतं. परक्या माणसाने भ्यायला सांगितलं तर काय करायचं, हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी संतापून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर चार रेघा ओढल्या, मान हलवली आणि म्हणाले, “नई जमनं. हाई संतापनं तोंड शे. ऱ्हाऊ द्या, चेटकीनले चाली जाई.”

पुढच्या महिन्यात मी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर होते. केस मोकळे, हातात कवटी, पण नाक नि:संशय माझं. शाळेतल्या मुलींनी ते माझ्याआधी पाहिलं होतं, आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गात जी शांतता होती ती मला नंतर कधीच मिळाली नाही.

मासिकाचं नाव ‘धसका’. भुतांच्या आणि साहसाच्या सचित्र गोष्टी. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हापासून पुढची काही वर्षं हे मासिक शहाद्याहून निघायचं आणि धुळ्याच्या एजंटामार्फत खानदेशातल्या एसटी स्टँडांवर विकलं जायचं. मुखपृष्ठावर दोन नावं असत. ‘लेखक : गोविंद शिंपी. चित्रे : सुकलाल.’ त्यातलं एक नाव कसं छापायचं यावरून पुढे जे रामायण झालं, ते सांगायलाच मी बसले आहे. पण माणूस कळल्याशिवाय त्याचा हट्ट कळत नाही, म्हणून आधी माणूस.

सुकलालभाऊंचा पोटापाण्याचा धंदा पाट्या रंगवण्याचा. शहाद्यातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्यांच्या हातची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, “रातले घरमा सांगाडा टांगेल ऱ्हास. कोन नांदी?” सांगाडा खरा नव्हता, बांबूच्या कामट्यांचा होता, आणि त्यावर ते धुतलेला सदरा वाळत घालत.

पाटी रंगवण्यात मन नसे. मन सगळं तोंडांत. गल्लीतल्या कोणालाही ते रस्त्यात थांबवून मरायला लावत. चहावाला मेला, न्हावी मेला, पोस्टमन तर तीनचार वेळा मेला, कारण त्याचे डोळे मुळातच बाहेर आलेले होते. लोकांना राग येईल असं मला वाटलं होतं. उलट न्हाव्याने आपण फासावर लटकल्याचं पान दुकानात आरशाशेजारी लावलं होतं आणि गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून झाला की तो तिकडे बोट दाखवत असे.

“भेव चोखं जोयजे, बाई. भेसळ नको,” हे सुकलालभाऊंचं घोषवाक्य. एकदा मी विचारलं, चोखं म्हणजे काय. ते ब्रश खाली ठेवून म्हणाले, “तलाठी दारमा उना का छाती धडधडस. तेबी भेवच शे. पन त्यामा हिशोब शे. शेठनं भेव, सायेबनं भेव, समदी भेसळ. भूतनं भेव चोखं. त्यामा कोन्हाच फायदा नई.” मला हे पटलं. माझ्या नोकरीच्या जागी मी ज्याला ज्याला भीत होते त्या सगळ्यात कोणाचा ना कोणाचा फायदा होता.

चित्रांचे धातूचे ठोकळे मुंबईहून करून आणणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा भाऊंनी एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या जमिनीवरचं जाड लिनोलियम उचलून आणलं होतं. छत्रीच्या काड्या दगडावर घासून केलेल्या कोरण्यांनी ते त्यावर चित्र कोरत, ते लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवत, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात पायाच्या यंत्रावर ‘धसका’ छापून घेत. लग्नसराईत भुतांना थांबावं लागे. एकदा घाईत एका पत्रिकेवर गणपतीच्या जागी वेताळाचा ठोकळा बसला आणि वऱ्हाडाला कळलं ते पत्रिका वाटून झाल्यावर. भाऊंचं म्हणणं एवढंच, की लग्न सुखाचं झालं ना, मग झालं.

कोरलेलं चित्र छापताना उलटं होतं. अक्षरं उलटी कोरायचं भान त्यांना असे, कारण अक्षर उलटं छापलं गेलं की लगेच दिसतं. माणूस उलटा छापला तरी माणूसच दिसतो. त्यामुळे झालं असं की ‘धसका’चा नायक दौलत, जो घोड्यावरून फिरून हडळींचा बंदोबस्त करायचा, तो पहिल्या अंकापासून डाव्या हाताने तलवार चालवू लागला आणि घोड्यावर उजव्या बाजूने चढू लागला. कोणी काही बोललं नाही. पण मग सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आली. तिथला घोड्यांचा बाजार म्हणजे सगळे जाणकार. एका व्यापाऱ्याने अंक हातात धरून भर बाजारात सांगितलं, “ओ पेंटर, असा चढशात ते घोडा लाथ मारी.”

भाऊ म्हणाले, “तुमना घोडा मारी. मन्हा घोडा मन्हं ऐकस.”

बोलले खरे, पण घरी येऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून लेखक गोविंदा आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या अंकात एक गोष्ट आली: दौलतच्या उजव्या हाताला लहानपणी एका हडळीने शाप दिलेला असतो, आणि त्याचा घोडा त्याच हडळीच्या तबेल्यातला, म्हणून सगळं उलटं. वाचक खूश. डाव्या हातात काठी धरून पोरं गल्लोगल्ली लढू लागली. ही त्या दोघांची रीत होती. सुकलालभाऊंनी चूक करायची आणि गोविंदाने तिची गोष्ट करायची.

गोविंदा प्रकाशाचा शिंपी. बुटका, हळू बोलणारा, कानावर कायम खडू. कापड दुकानाच्या ओट्यावर त्याचं मशीन होतं, आणि केदारेश्वराला येणाऱ्या यात्रेकरूंची उसवलेली बंडी शिवून देता देता तो त्यांच्याकडून भुतं काढून घ्यायचा. लिहायचा ते कपड्याचे नमुने कापायच्या तपकिरी कागदावर. बाजारच्या दिवशी एसटीने येऊन तो गुंडाळी उलगडायचा तेव्हा गोष्टीची सुरुवात पाठीच्या आकाराची, मधला भाग छातीचा आणि शेवट बहुतेक बाहीचा असायचा. एकदा मला कॉलर मिळाली नाही म्हणून राक्षस मेला की नाही तेच कळेना.

दोघांची भांडणं ऐकायला मी दार उघडं ठेवून बसत असे.

“सुकलाल, भूत दखाडू नको. दारनी कडी हालनी, इतलंच दखाड.”

“कडीनं चित्र काढाले मी चित्रकार व्हयनू का? लोके भूतना पैसा देतस, कडीना नई.”

“दखाडं म्हंजे ते सरी जास.”

“नई दखाडं ते लोके सरी जातीन.”

असं दुपारभर. मग एकाच ताटलीत भजी, आणि शेवटच्या एसटीपर्यंत परत तेच. मी मधे पडून काही बोलले तर दोघेही माझ्यावर येत.

कारण मी पण त्यात ओढली गेले होते. मराठीची बाई समोर राहते म्हटल्यावर मुद्रितं तपासायला दुसरं कोण? पहिलंच मुद्रित मी लाल पेन्सिलीने असं काही सुधारलं की मलाच अभिमान वाटला. त्यात एक भूत वाटसरूला विचारतं, “मन्हं घर कोठे शे?” मी ते “माझे घर कोठे आहे, हे आपण सांगू शकाल का?” असं केलं. गोविंदाने वाचलं आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, “बाई, हाई भूत ते मामलेदार कचेरीतून उनं वाटस.” सुकलालभाऊ म्हणाले, “असा भूतले कोन घर दखाडी? अर्ज करा म्हनतीन.” त्या दिवसापासून मी माणसांची भाषा तपासली, भुतांच्या भाषेला हात लावला नाही.

गावातल्या प्रतिष्ठितांना हे खपत नव्हतं, हे सांगायला नकोच. आमच्या शाळेच्या समितीवर एक अण्णासाहेब होते, कापसाचे व्यापारी. त्यांनी मला बोलावून विचारलं, “बाई, तुम्ही संस्कार करणाऱ्या. असल्या रद्दीला हात कसा लावता?” मी सांगितलं की पाठ्यपुस्तकाचं अर्धं पान वाचताना जांभया देणाऱ्या माझ्या मुली ‘धसका’ बाकाखाली धरून शेवटपर्यंत वाचतात, आणि योग्य ठिकाणी श्वास रोखतात. पाठ्यपुस्तकाने एवढं एकदा करून दाखवावं, मी ‘धसका’ सोडते. ते काठी घेऊन उठले. थेट सुकलालभाऊंच्या शेडवर गेले.

मी खिडकीतच होते. अण्णासाहेबांनी काठी आपटून भाषण केलं, पिढी बिघडते वगैरे. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मग पाटी उचलली, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पाटी परत ठेवली. म्हणाले, “अन्नासाहेब, तुमनं तोंड मी मांगला महिनामा काढी दखं व्हतं. जमनं नई. तुमले लोके भ्यातस, पन ते भेव चोखं नई.”

गल्ली हसली. अण्णासाहेब ताडताड निघून गेले. पुढे पुष्कळ दिवस ते स्टँडवर ‘धसका’ चाळून पाहतात आणि विकत न घेता ठेवून देतात, असं स्टँडवरचा विक्रेता सांगायचा. आपण कसे दिसलो असतो याची हुरहुर लागली असणार.

अशा मजेत चाललं असताना गोविंदा गेला. ऐन उन्हाळ्यात कावीळ झाली, झाडपाला झाला, मग शहाद्याचा डॉक्टर झाला, आणि तापीच्या काठी त्याला पोचवूनही आले. तेव्हा दौलतची एक लांबलचक गोष्ट अर्ध्यावर होती. एका उजाड गावातल्या विहिरीतून कोणीतरी दौलतला त्याच्या नावाने हाक मारतं, आणि तो दोर धरून आत उतरतो. हाक कोण मारतंय ते फक्त गोविंदाला ठाऊक होतं, असं आम्ही धरून होतो. त्याने ते आमच्यापैकी कोणाला सांगितलं नव्हतं, सुकलालभाऊंना तर मुळीच नाही. चित्रकाराला आधी कळलं तर तो ते चित्रात घुसडतो, हा त्याचा जुना अनुभव.

भाऊ प्रकाशाहून परत आले आणि त्यांनी कोणालाही भ्यायला सांगणं बंद केलं. न्हावी समोरून मुद्दाम जीभ बाहेर काढून गेला, तरी यांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं, ‘धसका’ संपला.

मग एका सकाळी दाराखालून मुद्रितं आली. मुखपृष्ठावर ‘लेखक : गोविंद शिंपी’. मी समजले, मागे राहिलेला मजकूर असेल. वाचायला घेतलं. “विहीर खोल आहे. जपून उतरावे,” अशी सुरुवात होती. पुढे: “आतून आवाज आला. कोणाचा ते कळले नाही. चौकशी खाली करावी.” त्यानंतर दौलत स्वतःशी म्हणतो, “येथे अंधार मिळेल.”

मी कागद घेऊन समोर गेले. “भाऊ, हे गोविंदाचं नाही.”

“गोविंदानंच शे.”

“गोविंदा ‘जपून उतरावे’ असं लिहीत नव्हता.”

भाऊ कोरणीवर फुंकर मारत म्हणाले, “आते लिखस.”

पाट्या रंगवून रंगवून ज्यांचं वाक्य चार शब्दांपलीकडे जात नव्हतं ते सुकलालभाऊ आता गोष्ट लिहीत होते, आणि सही मित्राची. मी निमूटपणे लाल पेन्सिल घेतली. जमेल तेवढं दौलतला दुकानांच्या पाट्यांतून बाहेर काढलं.

धुळ्याचा एजंट मगनशेठ पावसाळ्यात आला. माणूस वाईट नव्हता, धंद्याचा होता. छत्री मिटून तो शेडमधल्या स्टुलावर बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “सुकलाल, मुंबईचा एक लेखक आहे. महिन्याला गोष्ट देईल. त्याचं नाव टाकू. शिंपी गेला हे सगळ्या स्टँडांवर माहीत झालंय. विकणारे म्हणतात, मेलेल्या माणसाने लिहिलेलं मासिक अंगाला नको.”

“शेठ,” भाऊ म्हणाले, “वरीसना वरीस तुमी मरेल मानससना गोष्टी इकी ऱ्हायनात. एक मरेल मानूस लिखाले बसना, ते तुमीच दचकनात?”

“अरे, पण खोटं आहे ते.”

“आनि हडळ खरी शे का?”

मगनशेठ हसला. वाद घालायला तो आलाच नव्हता. “बरं, मुंबईवाला नको. नाव ठेव शिंप्याचं. फक्त आधी ‘कै.’ छाप. ‘कै. गोविंद शिंपी.’ लोकांना वाटेल जुन्या गोष्टी आहेत, आणि मान पण राहील. एवढं कर, मी अंक उचलतो.”

मला ते वाजवी वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. सुकलालभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की चेटकिणीला शोभणारं तोंड आता त्यांचं झालं होतं. “नई,” ते म्हणाले. “नाव जसं व्हतं, तसंच ऱ्हाई. त्यान्हा पुढे काई नई, मांगे काई नई.”

“मग अंक तूच विक,” मगनशेठ म्हणाला आणि छत्री उघडून गेला.

आता खरी पंचाईत होती. धुळ्याचा एजंट नाही म्हणजे एसटी स्टँड नाहीत, आणि स्टँड नाहीत तर ‘धसका’ आहे कुठे? ज्याला त्याला वाटत होतं की त्या एका ‘कै.’साठी हा माणूस चालतं मासिक बुडवतोय. छापखान्याच्या मालकाने सांगून पाहिलं. न्हाव्याने सांगून पाहिलं. अण्णासाहेबांनीसुद्धा निरोप पाठवला की ‘कै.’ लिहिण्यात कमीपणा नाही, आमच्या वडिलांच्या नावाआधीही लिहितो. भाऊंचं उत्तर एकच. सायकलच्या मागे गठ्ठे बांधून ते स्वतः निघाले. बाजाराच्या गावी पथारी टाकायची, प्रकाशाला देवळाच्या वाटेवर बसायचं, कोणी लेखकाचं नाव वाचून थबकला की म्हणायचं, “लिखनारा पक्का शे. सुट्टी घेत नई.”

आणि दौलत उतरतच होता. ज्येष्ठात उतरत होता, श्रावणात उतरत होता, दिवाळी अंकातही त्याने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने विहिरीच्या कोनाड्यात पणती लावली आणि पुढे खाली निघाला. वाटेत वटवाघळं भेटली, एक अजगर भेटला, भिंतीत चिणलेला एक राजा भेटला. हाक येतच होती. वाचक चिडले. एकाने कार्ड पाठवलं की पाणी लागत नसेल तर निदान अमेरिका तरी लागू द्या. मी भाऊंना म्हटलं, “आता काढा त्याला वर. काहीही दाखवा खाली, आणि काढा.” ते म्हणाले, “दखसूत.” म्हणजे बघू. हा शब्द त्यांनी मला महिनोन् महिने दिला.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली. शाळेला सुटी होती, मीही गेले. भाऊंनी दोन बांबूंवर चादर ताणून तिच्यावर भलीमोठी विहीर रंगवली होती आणि खाली अंक मांडून बसले होते. घोड्यांची खिंकाळी, जिलेबीचा वास, दर्शनाची रांग, आणि या सगळ्यात चादरीसमोर भांडायला जमलेले वाचक. एक घोडेवाला हिशेब मांडत होता की एवढा दोर पेलणारा खांब जगात नाही. दुसरा म्हणत होता, दौलत म्हातारा होईल. तिसऱ्याने अंक विकत घेतला, तिथेच उभं राहून शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाला, “आजून खालेच.” तरी घेतला होता हे मी टिपून ठेवलं.

तेवढ्यात गर्दीतून गोविंदाची बायको आली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं. गोविंदाच्या आजारपणात बोललेला नवस फेडायचा राहिला होता. माणूस उरला नाही तरी देवाचं देणं राहू नये म्हणून ती गावच्या बायांबरोबर दर्शनाला आली होती. भाऊ उठून उभे राहिले. तिने एक अंक उचलला. वाचता येत नव्हतं.

“भाऊ, यामा त्यासनं नाव कोठे शे?”

भाऊंनी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग अंक जपून खाली ठेवत म्हणाली, “शेजारनी पोर वाची दखाडस माले. दौलत आजून खालेच शे ना?”

“हां, वैनी.”

“माले ठाव शे तो कसा वर येस. खाले कोन हाका मारस, तेबी ठाव शे. मशीनवर बसीसन त्या माले समदं सांगेत.” ती भाऊंकडे पाहून मायेने म्हणाली, “सांगू का? तुमनी अडचन सरी जाई.”

घोडेवाला हिशेब विसरला. मी एक पाऊल पुढे सरकले, खोटं कशाला सांगू, मलाही ऐकायचं होतं. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला ऐकायचं होतं, एक सोडून.

सुकलालभाऊंनी दोन्ही हात पुढे केले. मगनशेठला, अण्णासाहेबांना, अख्ख्या गावाला तोंडावर नाही म्हणणारा तो माणूस आता विनवत होता. “नको, वैनी,” ते म्हणाले. “नको सांगू. तू सांगं ते माले छापनं पडी. छापं म्हंजे सरी गयं.” त्यांनी त्या अंकाकडे बोट दाखवलं. “मंग त्यान्हं नाव मी कसावर छापू?”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. महिनोन् महिने मी त्यांना म्हणत होते, काढा त्याला वर, काढा त्याला वर.

गोविंदाच्या बायकोने पदर सारखा केला. ती रडली नाही. नवऱ्याच्या आणि या माणसाच्या भांडणांत तिने बरीच वर्षं काढली होती, तिला हट्ट नवे नव्हते. “बरं,” ती म्हणाली. “नई सांगत. मन्हाजवळच ऱ्हाऊ द्या.” जायला वळली, परत थांबली. “पन भाऊ, उन्हायापाशीन तो खाले शे. कोनी त्याले जेवाले दिधं का?”

भाऊंना वटवाघळं सुचली होती. अजगर सुचला होता, भिंतीतला राजा सुचला होता. हे सुचलं नव्हतं.

“नई,” ते म्हणाले.

“तुमी दोन्ही बी असाच,” ती म्हणाली, आणि बायांच्या मागे दर्शनाच्या रांगेत गेली.

‘धसका’ नंतर किती चालला आणि कधी बंद पडला, असं मला अजून कोणी कोणी विचारतं. दौलत वर आला का, असंही विचारतात. आला नाही, आणि कोणाला तक्रार असेल तर ती माझ्याकडे आणावी, मी उत्तर द्यायला समर्थ आहे. ‘कै.’ शेवटच्या अंकापर्यंत छापलं गेलं नाही. मगनशेठ दुसऱ्या वर्षी स्वतः आला आणि नावाचा विषय न काढता गठ्ठे घेऊन गेला.

पण यात्रेनंतरच्या अंकाची मुद्रितं तेवढी सांगते. नेहमीसारखी सकाळी दाराखालून आली. मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव मी नीट तपासलं, आणि आत आले. मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र होतं. विहिरीची उंच भिंत, खाली दोराला धरून लोंबकळणारा दौलत, इतका लहान की शोधावा लागत होता. वरून दुसऱ्या एका दोराने एक टोपली खाली येत होती. फडक्यात बांधलेल्या उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरी, वर कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. फडक्याच्या काठाची शिलाईसुद्धा टाका-टाका कोरलेली होती. विहिरीच्या काठावर दोर धरलेला बाईचा हात दिसत होता, आणि त्या हातात बांगडी नव्हती.

चित्राखाली एकही शब्द नव्हता, तपासायला काही नव्हतंच. मी लाल पेन्सिल ठेवून दिली आणि ती पानं हातात घेऊन बसून राहिले. शाळेची घंटा झाली ती मला ऐकू आली होती, पण उठवेना.